अकराव्या मजल्यावरचा तांडेल

तुळशीराम तांडेलला फुकटची क्रूझ मिळाली तेव्हा त्याने ती आधी साफ झिडकारली. पूर्वी नावाची त्याची मुलगी वाशीला एका पर्यटन कंपनीत आहे. वर्षभर मरमर काम केल्याबद्दल कंपनीने तिला मुंबई ते गोवा आणि परत, अशा तीन दिवसांच्या सफरीची दोन तिकिटं दिली. पोरीने हौसेने आईबापांची नावं घातली. आई, म्हणजे सोनूबाई, म्हणाली की मी बोटीवर पाय ठेवणार नाही. आमच्या गावच्या कोळीवाड्यातल्या बायका तशाही बोटीवर जात नाहीत, धक्क्यावर मासळीची वाट बघतात. पण सोनूबाईचा नकार रिवाजापुरता नव्हता, हे पूर्वीलाही कळत होतं. बाप म्हणाला, चाळीस वर्षं पाण्यावर काढली, आता नुसतं पाणी बघायला कशाला जाऊ? पूर्वी रुसून वाशीला निघून गेली.

चार दिवसांनी तुळशीराम माझ्या ओटीवर येऊन बसला. मी रत्नपाल, निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं पाढे घोकून घेतले, त्यातली एकोणीस याच गावात. अलिबाग आणि रेवदंड्याच्या मध्ये आमचं गाव. माझं घर बौद्धवाड्यात, कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. पण समुद्राशी माझा संबंध ताटातल्या मासळीपुरता. मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा मी उलटीसाठी पिशवी हातात धरून बसतो. अशा माणसाला तुळशीराम म्हणाला, "गुरजी, तुमी चला माझ्यासंगं त्या मोठ्या बोटीवर."

तू तर जाणार नव्हतास, असं मी म्हणालो.

"आता जायचं हाय. मला वर उभं राहून बघायचं हाय, खालचा कंदील दिसतो का."

मग मी नाही म्हणू शकलो नाही. का, ते सांगायला वीस वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा तुळशीरामची स्वतःची बोट होती. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. त्याचा शब्द बोटीवर शेवटचा. आमच्या भागात त्याच्यासारखा तांडेल नव्हता. ढगाकडे बघून तो वारा सांगायचा, पाण्याच्या रंगावरून खोली सांगायचा, आणि क्षितिजावर नुसतं शीड दिसलं तरी बोट कुणाची ते ओळखायचा. त्याचा मुलगा नामा माझ्या हाताखालून गेलेला. चौथीत असताना सतराचा पाढा त्याला शेवटपर्यंत आला नाही. मी छडी उगारली की म्हणायचा, गुरजी, वारा फिरला, आता बोटी परत येतील. आणि खरंच यायच्या. एकविसाव्या वर्षी तो बापाच्या बोटीवर पक्का झाला होता.

कार्तिकातली अंधारी रात्र होती. साडेआठचा सुमार. मुरुडच्या समोर, खोल पाण्यात त्यांनी जाळं टाकलं होतं. ही जाळी लांबच्या लांब असतात. टाकली की त्यांचा दोर बोटीच्या तोंडाशी बांधतात, इंजिन बंद करतात, आणि बोट जाळ्याबरोबर वाहत राहते. अशात मोठं जहाज येताना दिसलं, तर एकाने पुढे उभं राहून कंदील आडवा हलवायचा. इथे जाळं आहे, वळा, अशी त्याची खूण. बापजाद्यांपासूनचा शिरस्ता आहे तो. त्या रात्री नामाने कंदील हलवला. जहाज वळलं नाही. बोटीची फळी न फळी वेगळी झाली. तुळशीराम आणि तीन खलाशी जाळ्याच्या बोयांना धरून तरंगत राहिले, त्यांना सकाळी दुसऱ्या बोटीने उचललं. नामा सापडला नाही. आजतागायत नाही.

तुळशीराम परत आला तो एकच वाक्य घेऊन. त्यांनी बघितलं, आणि बघूनही अंगावर आले. पोलिसांना तेच सांगितलं, भावकीत तेच, माझ्या ओटीवरही तेच. तक्रारीचा अर्ज मी लिहिला. 'दिव्याची खूण स्पष्ट दिसत असूनही जाणूनबुजून' हे शब्द माझे, आणि खरं सांगतो, तेव्हा मला ते लिहून बरं वाटलं होतं. जहाजाचं नाव कळलं नाही, देश कळला नाही, फाइल बंद झाली. आम्ही मात्र थांबलो नाही. दरवर्षी कार्तिकात तो यायचा, मी अर्ज लिहायचो, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवायचो. त्याने पुन्हा समुद्र गाठला नाही. धक्क्यावर बसून लोकांची जाळी विणायचा. दूर एखादं जहाज दिसलं की उठून उभा राहायचा आणि ते दिसेनासं होईपर्यंत शिव्या द्यायचा. पोरं हसायची. मला कधी हसू आलं नाही.

आता त्याच्या डोक्यात आलेलं गणित असं होतं. ही प्रवासी बोट दर आठवड्याला आमच्या समोरून जाते. त्याचा पुतण्या येसाजी हल्ली त्याच पाण्यात जाळी टाकतो, आणि तिला ओळखतो. येसाजीने त्या संध्याकाळी मुरुडच्या समोर, जहाजाच्या वाटेपासून बाजूला राहायचं, आणि साडेसातपासून साडेआठपर्यंत कंदील हलवायचा. हल्ली बोटींवर झगझगीत दिवे असतात, ते विझवून ठेवायचे. तुळशीरामने अलिबागच्या बाजारात दोन फेऱ्या मारून तसलाच जुना रॉकेलचा कंदील शोधून आणला. तिकीट अंधाऱ्या पक्षातलं घ्यायला पूर्वीला सांगितलं. बिचारी पोरगी खूश झाली, बाबांना तारे बघायचे असतील म्हणून. मला तो म्हणाला की या वर्षीच्या अर्जात लिहा, आम्ही स्वतः वर उभं राहून पाहिलं, दिसतं.

दिसेल याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. मलाही नव्हती.

क्रूझवर पहिल्यांदा जाणाऱ्याने काय काय धरून चालावं, हे पूर्वीने आम्हाला फोनवर अर्धा तास सांगितलं होतं. तरी आमची फजिती व्हायची ती झालीच. चार तास आधी जावं लागतं. विमानतळासारखी तपासणी होते. बॅगा आपल्याकडून काढून घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत दिसत नाहीत. तुळशीरामची औषधं बॅगेत गेली. गळ्यात एक कार्ड अडकवतात, तेच दाराची चावी आणि तेच पैशाचं पाकीट. आमची खोली सहाव्या मजल्यावर, बिनखिडकीची. संडासाचं बटण दाबल्यावर असा काही आवाज झाला की मी अर्ध्या कपड्यांत बाहेर आलो. लिफ्ट, गालिचे, आरसे, नाचणारी माणसं. मी उलटीची पिशवी खिशात ठेवली होती, तिची गरजच पडली नाही. ते जहाज हलतं हे कळतच नव्हतं.

आणि तेच तुळशीरामला सोसेना. आयुष्यभर बोटीवर चपलेशिवाय उभा राहिलेला माणूस तो. गालिच्यावर चपला काढून उभा राहिला, पाय दाबून बघितले, पुन्हा दाबले. "पायाला पानी लागत न्हाय," एवढंच म्हणाला.

सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना गोळा करून भोंगा वाजवतात आणि नारिंगी जाकीट कसं बांधायचं ते दाखवतात. बाकीचे लोक फोटो काढत होते. तुळशीरामने दाखवणाऱ्या मुलीला विचारलं, हे प्रत्येकाला आहे का? ती म्हणाली, हो आजोबा, दोन हजार माणसं आहेत, जाकिटं त्याहून जास्त आहेत. त्याच्या बोटीवर पाच माणसं होती आणि एक जाकीट नव्हतं. जाकीट परत द्यायच्या वेळी त्याच्या हातातून मला ते ओढून घ्यावं लागलं.

जेवण म्हणजे लग्नघर. एका सुरतेच्या जोडप्याने आम्हाला फुकट काय आणि विकतचं काय ते समजावलं. मासा म्हणून जे होतं त्याचा एक घास तुळशीरामने घेतला आणि ताट बाजूला सारलं. हा समुद्रातला नाही, म्हणाला. मग वरणभात कालवून चार घास कसेबसे खाल्ले, आणि साडेपाचला मला घेऊन अकराव्या मजल्यावर गेला.

ऊन उतरत होतं. किनारा धुरकट रेघेसारखा दिसत होता. मला तेवढंच दिसलं; त्याला त्यात खांदेरीचा दिवा, चौलचा डोंगर, कोर्लईचं टोक, सगळं दिसलं. तो बोट करून सांगत होता आणि मी नाही तिथे मान डोलवत होतो. तेवढ्यात मी खाली बघितलं, तर अगदी जवळून एक मासेमारी बोट मागे जात होती. मी म्हणालो, अरे, ही बघ. तो दचकला. ती बोट येताना त्याने पाहिलीच नव्हती. रंग उडालेली, अंगठ्याच्या नखाएवढी दिसत होती, आणि पाच-सहा माणसं त्यावर असतील, ती तर मोजताही आली नाहीत. शिडावरून बोट ओळखणारा माणूस ती पार मागे जाईपर्यंत कठडा धरून बघत राहिला. वयाने नजर गेली म्हणाला. मी म्हणालो, मोतीबिंदू झाला असेल, अलिबागला दाखवू. दोघांनीही ते मान्य करून टाकलं.

अंधार पडला तसा डेकवर दिव्यांचा लखलखाट झाला. पोहायच्या तलावात निळं पाणी, गाणी, गरबा. आमच्या डोळ्यांपुढे काळ्या पडद्यापलीकडे काही नव्हतं. तुळशीराम कासावीस झाला. या उजेडात कसं दिसणार, म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. खुर्च्या घडी करून ठेवणारा एक खलाशी आमचं बोलणं ऐकून थांबला. पंचेचाळिशीचा असेल. त्याने गाव विचारलं, आपलं सांगितलं. नाव विनेश, श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरचा कोळी, बारा वर्षं बापाच्या बोटीवर काढून मग जहाजावर लागलेला. मी त्याला सगळं सांगितलं. नामाचंही सांगितलं. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि आम्हाला पुढच्या अंगाला, कठड्याच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. वर कॅप्टनच्या खोलीत असाच अंधार ठेवतात, बाहेरचं दिसावं म्हणून, असंही त्याने सांगितलं.

साडेसात वाजले. आम्ही डोळे ताणून बघत होतो. पावणेआठ. तुळशीराम मला विचारायचा, दिसला? मी नाही म्हणायचो. आठ वाजता मलाच राहवेना. त्याच्यासाठी दिसावा असं मला इतकं वाटत होतं की खाली दूर मिणमिणतं काहीतरी बघून मी ओरडलो, तो बघ. त्याने बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "तो तारा हाय गुरजी. आता मावळंल." आणि तो मावळला.

साडेआठ झाले. नऊ व्हायला आले. कंदील दिसला नाही. विनेश मध्ये एकदा जाऊन परत आला होता. तुळशीरामने त्याच्याकडे न बघता विचारलं, पुतण्या आलाच नसेल का? विनेश म्हणाला, आला असेल काका. मग तुळशीरामने विचारलं की वरच्या खोलीतून तरी दिसतो का.

"आता बोटींवर यंत्र बसवलंय. त्याच्यानं वर पडद्यावर ठिपका येतो," विनेश म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी न्हवतं. लाकडाची बोट आन रॉकेलचा कंदील, काका... पार जवळ येईपर्यंत न्हाय दिसत. आन जवळ आल्यावर एवढ्या मोठ्या जहाजाला वळायला जागा नसते."

किती जागा लागते, असं तुळशीरामने विचारलं. विनेशने सांगितलं, अर्धा-पाऊण मैल तरी. तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. त्याच्यावर रागही आला. पण त्याने आपल्या माणसाला खरं सांगितलं, त्याची चूक काय? त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो तुळशीरामच्या पायाला हात लावून निघून गेला.

तुळशीराम कठड्याला टेकून खाली बसला. मी त्याच्याशेजारी बसलो. गुडघे दुखतात माझे, तरी बसलो. मी म्हणालो, नसेल दिसलं त्यांना. म्हणजे कुणी मुद्दाम नाही केलं. एका परीने बरंच नाही का? शिकलेल्या माणसाचं शहाणपण पाजळलं मी.

त्याने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मग म्हणाला, "नामानं कंदील हलवला. जहाज वळंना. तो बोलला, बाबा, सुरी दे, दोर तोडतो, इंजिन लावू. मी बोललो, थांब."

मी त्याच्याकडे वळून बसलो.

"नवीन जाळं व्हतं. सगळ्या घरानं पावसाळाभर बसून विनलेलं. दोर तोडला का ते गेलं. मी बोललो, थांब, त्यांना दिसतंय, वळतील. त्यो परत बोलला, बाबा, सुरी दे. मी दिली न्हाय. मी तांडेल व्हतो."

एवढं बोलून त्याने तोंडावर टॉवेल धरला. वीस वर्षांत हे त्याने मला सांगितलं नव्हतं, पोलिसांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. आणि मला कळलं की 'त्यांनी बघितलं' या वाक्याशिवाय हा माणूस जगलाच नसता. त्यांना दिसलं होतं, तर तुळशीराम बरोबर होता. दिसणाऱ्या जहाजाने वळायला हवं होतं. दिसलंच नव्हतं, तर पोराने दोनदा मागितलेली सुरी बापाने दिली नव्हती, एवढंच उरत होतं. मला माझी शरम वाटली. एवढे अर्ज लिहिले मी. 'स्पष्ट दिसत असूनही.' मासेमारीच्या बोटीवर कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाने.

गोवा आम्ही पाहिला नाही. सगळे उतरले, आम्ही बिनखिडकीच्या खोलीत बसून राहिलो. तो म्हणाला की घरी गेल्यावर सोनूला सांगणार. मी त्याला परोपरीने समजावलं. वीस वर्षांनी सांगून काय मिळणार? ती बिचारी म्हातारपणी काय करणार हे ऐकून? तिला नामाचं दुःख आहे, त्यात तुझ्यावरचा राग कशाला घालतोस? तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, मी माझ्यापाशी ठेवलं ते मला खोटं सांगता येत होतं म्हणून. आता येत नाही. पोर तिचंही होतं.

परतीला मांडव्याच्या धक्क्यावर येसाजी आम्हाला न्यायला आला होता. उत्साहाने सांगू लागला. काका, तुमची बोट काय दिसत होती, नुसती दिवाळी. दोन मैलांवरून गेलात. आम्ही तासभर आळीपाळीने कंदील हलवला, पोरांचे हात दुखले. दिसला ना? तुळशीरामने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चांगलं केलंस म्हणाला. मी समुद्राकडे बघत बसलो.

त्याच संध्याकाळी त्याने सोनूबाईला सांगितलं. नेमकं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. शेजारपाजारी एवढंच कळलं की त्या घरात भांडण झालं नाही, रडारड झाली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून सोनूबाई नवऱ्याचं ताट वाढून ओट्यावर जाऊन बसू लागली. तो आत जेवायचा, ती बाहेर. दोघांचा संसार पन्नास वर्षांचा. तोवर एकाने दुसऱ्याशिवाय घास घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आठवड्याने, सकाळी, ती माझ्या घरी आली. अलिबागला मासळी घेऊन जायची तिची वेळ. टोपली दाराशी ठेवली आणि उभ्यानेच विचारलं, "गुरजी, तुमी संगं व्हता. खरं सांगा. वरून कंदील दिसतो का?"

मी छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला असं शिकवलं. तिच्या तोंडाकडे बघून म्हणालो, दिसतो वहिनी. मला दिसला. तुळशीरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून त्याला दिसला नाही.

ती जमिनीवर बसली.

"गुरजी, तुमाला खोटं बोलाया येत न्हाय," ती म्हणाली. "आन मला ठाऊकच व्हतं. त्या सकाळी त्याला घरी आनला, तवा त्याचे वले कपडे मीच काढले. कमरेची सुरी म्यानात व्हती. म्यानाचं बटन लावलेलं व्हतं. समोर जहाज येतंय आन तांडेलाच्या सुरीचं बटन लावलेलं. तवाच कळलं मला, यानं दोर तोडायला सुरी काडलीच न्हाय."

मी विचारलं, मग इतकी वर्षं गप्प का राहिलात?

"तो बोलंल म्हनून. वाटायचं, एकदा त्याच्या तोंडानं येऊ दे. आलं का मी म्हननार, असू दे, झालं ते झालं, तुझं बी पोर व्हतं. वीस वर्षं मी ते शब्द मनात धरून बसले, गुरजी. त्या दिवशी तो बोलला. माझ्या पायावर डोकं ठेवलं त्यानं. आन माझ्या तोंडून ते शब्द निघंनात. आजून निघत न्हायत."

तिने पदराने डोळे पुसले नाहीत, कारण रडत नव्हती. मला म्हणाली, तुमी शिकलेले, मी आता काय करू ते सांगा. बाहेर सहा आसनी रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. सोनूबाई उठली, टोपली डोक्यावर घेतली, आणि जाता जाता म्हणाली की त्याला आज वेळेवर जेवायला सांगा, मी वाढून ठेवलंय.